जीपची पाठराखीण

सोमवारी दुपारी शेठची जीप घेऊन सदू तळीकोंडात शिरला, तेव्हा त्याच्याजवळ पाच दिवसांची रजा होती, मागच्या बाजूला पेट्रोलचे दोन डबे होते आणि डोक्यात एक साधा बेत होता. बायकोला पुढच्या सीटवर बसवायचं आणि समुद्राच्या कडेकडेनं हरिहरेश्वरापर्यंत न्यायचं. दोघंच. शुक्रवार उजाडला तोवर रजा संपत आली होती, एक डबा जागच्या जागी रिकामा झाला होता आणि बेतात अडतीस नारळ, एक गुरव, एक आत्या आणि गावचे पाटील शिरले होते. काशी तेवढी बाहेर राहिली होती.

हे कसं झालं असं विचारलं, तर सदूला एकच उत्तर देता आलं असतं, की रीतसर झालं. कोणी वाईट वागलं नाही. कोणी आडवंही आलं नाही. कोणी आडवं आलं असतं तर त्याला बाजूला तरी करता आलं असतं.

सदू मुंबईत लाकडाच्या वखारीच्या एका शेठकडे ड्रायव्हर होता. अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत त्यानं शेठाणीबाईंना खंडाळा दाखवला, महाबळेश्वर दाखवलं, आणि नाशिकला तर इतक्यांदा नेलं की वाटेतल्या चहावाल्यानं त्याला आपली मुलगी देऊ केली होती. मागचं दार उघडून धरायचं, बाई बसल्या की पदर आत आला का बघायचं आणि हलकेच लावायचं, हे त्याला झोपेतही जमत होतं. त्याच अकरा वर्षांत काशीचा मोठ्यात मोठा प्रवास म्हणजे तळीकोंड ते बोर्लीचा बाजार, दीड कोस, डोक्यावर पाटी घेऊन.

काशीनं त्याबद्दल कधी कुरकुर केली नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी भाताच्या राबासाठी पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करायला दोघं डोंगरावर गेली होती. वरून दिवेआगरच्या किनाऱ्याची पांढरी पट्टी दिसत होती. ती दक्षिणेकडे जात जात समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या नाकाशी वळत होती आणि नाहीशी होत होती. काशीनं विचारलं, “त्या नाकाच्या पल्याड काय हाय?” सदू जन्मापासून ते नाक बघत आला होता, पण पलीकडं तोही कधी गेला नव्हता. तो म्हणाला, “नेतो की तुला.”

मग तो दरवर्षी शिमग्याला आणि गणपतीला यायचा, आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. घर शाकारायचं, नाहीतर कोणाचं लग्न, नाहीतर शेठची तार. दर खेपेला निघताना काशी विचारायची, “नाकाचं काय झालं?” गेल्या गणपतीत तिनं विचारलं नाही. ती रागावली असती तर सदूला परवडलं असतं. रागावलेल्या बाईला काहीतरी हवं असतं. काशीनं मागायचंच सोडलं होतं, आणि त्या रिकाम्या जागेनं सदूला पौषापर्यंत झोप येऊ दिली नव्हती.

तेवढ्यात शेठनं लिलावात लष्कराची जुनी जीप घेतली. लढाईत वापरलेली, आता जंगलात लाकूड बघायला जाण्यासाठी. मग शेठ भाचीच्या लग्नाला आपल्या मुलखात गेले आणि जाताना म्हणाले, गाडी उभी राहिली की बिघडते, तू फिरवत राहा, शनिवारी सकाळी मला स्टेशनवर घ्यायला ये. सदूनं जीप पुसली, काशीसाठी नव्या चपला घेतल्या आणि निघाला. त्याच्या मनात एकच रुखरुख होती. काशीसाठी गाडीचं दार उघडून धरायचं हे त्यानं फार दिवस ठरवलं होतं, आणि या जीपला दारंच नव्हती. लष्करात कोणी कोणासाठी दार उघडून धरत नसावं.

खरी चूक मात्र त्यानं अंगणात पोचल्यावर केली.

जीपभोवती गाव जमलं. येसाजी पाटील पुढं आले. पाटीलकी कायद्यानं गेली असली तरी येसाजींना ते कळवायला कोणी आलं नव्हतं. त्यांनी जीपच्या चाकाला काठी लावून बघितली आणि विचारलं, गाडी कशापायी आणली. तळीकोंडात नवराबायकोनं बरोबर बाहेर पडायला चार कारणं चालत. तिचं माहेर, वैद्य, लग्न आणि मयत. “हिला जरा फिरवून आणतो” हे पाचवं कारण सदूच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं, पण येसाजींचं तोंड बघून तिथंच अडकलं.

“नवस हाय,” सदू म्हणाला. “हरिहरेश्वराचा.”

सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. काशीनं दारातून त्याच्याकडं एकदा बघितलं आणि ती आत गेली. सदूला वाटलं, निभावलं. पण तळीकोंडात नवस ही एकट्याची गोष्ट नसते. ज्याचा नवस, त्याच्या पाठीशी गाव.

मंगळवारी गाव पाठीशी उभं राहिलं. आतल्या रस्त्यानं श्रीवर्धनपर्यंत मोटार जाते हे सगळ्यांना माहीत होतं, पण सदूला किनाऱ्यानं जायचं होतं आणि त्या बाजूनं कधी कोणती मोटार गेली नव्हती. तेव्हा नकाशा काढायचं ठरलं. सदूनं जुन्या कॅलेंडरची पानं आणली होती. देवळाच्या मंडपात ती उलटी अंथरली आणि तो पेन्सिल घेऊन बसला. येसाजी तरुणपणी मोजणीवाल्यांची साखळी धरत असत, त्यामुळे सुरुवात त्यांनी केली.

“शेंदऱ्या धोंड्याशी उजवीकडं वळायचं. मंग बांधावरनं सरळ.”

सदूनं विचारलं, “बांध केवढा रुंद?”

येसाजींनी उठून एका पावलापुढं दुसरं पाऊल ठेवून दाखवलं. “एवढा. ऐसपैस हाय.”

सदूनं लिहून घेतलं. बांधाच्या पुढं घळ होती, तिथं बसून उतरायचं होतं. घळीच्या पुढं कातळ होता, त्यावर चढायला पूर्वजांनी खाचा केल्या होत्या, त्यात अंगठा नीट रोवायचा होता. पुढं एक साकव होता, ओढ्यावर आडव्या टाकलेल्या दोन माडांचा, आणि त्यातला एक माड कुजका, म्हणून भार दुसऱ्यावर टाकायचा. सदूनं पेन्सिल खाली ठेवून सांगितलं, की काका, जीपला चार चाकं असतात, ती एका माडावर येणार नाहीत. येसाजींनी जरा विचार केला आणि म्हणाले, सावकाश ने.

“मंग खाडीचं तोंड,” ते पुढं म्हणाले. “तिथं चपला हातात घ्यायच्या.”

“काका, मी जीपमधी असणार.”

“मंग तिच्यापण घे.”

हे लोक त्याची थट्टा करत असते तर सदूनं ती सहन केली असती. पण कोणीही हसत नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्या पायांना माहीत असलेली वाट अगदी मनापासून सांगितली. वाटेवरची पाणी प्यायची जागा, काटा काढायला बसायची जागा, कोणत्या घरातली कुत्री बांधलेली असतात. गाडीचा पाय कुठं पडेल हे बघायला तळीकोंडात कोणाचं काही अडलंच नव्हतं.

आरवीच्या पुढचा भाग मनुआत्यानं सांगितला. मनुबाई ही सदूच्या वडिलांची बहीण. तिला आरवीला दिली होती. नवरा गेल्यावर ती परत आली त्याला तीस वर्षं झाली, आणि त्यानंतर ती त्या वाटेनं एकदाही गेली नव्हती. म्हणून तिला ती वाट सगळ्यांत चांगली आठवत होती. “मोठा फणस लागंल,” ती म्हणाली. “तिथं डावीकडं. चुकायचं कामच न्हाय.”

तेव्हा भिकू गुरव खांबाला टेकून बसला होता. देवळाची पूजाअर्चा त्याच्याकडं. त्यानं आठवून सांगितलं, की तो फणस दहा वर्षांपूर्वी तोडला आणि त्याच लाकडाचा देवळाला दरवाजा केला. सगळ्यांनी वळून दरवाज्याकडं बघितलं. मनुआत्याही बघत राहिली. मग म्हणाली, फणस नसला म्हणून डावीकडं जायचं थोडंच बदलतं. सदूनं नकाशावर लिहिलं, ‘फणस, सध्या देवळात’.

संध्याकाळपर्यंत पाच पानं भरली. माणसानं, बकरीनं आणि फार तर एखाद्या सडपातळ म्हशीनं कसं जावं, हे त्यात संपूर्ण होतं. शिवाय दिवसभरात बोर्लीहून आलेल्या पाहुण्यांना इंजीन कसं चालतं ते दाखवण्यासाठी सदूला जीप नऊ वेळा सुरू करावी लागली होती.

बुधवारी सकाळी त्यानं नकाशा घडी करून खिशात घातला, पातेऱ्याच्या निमित्तानं काशीला घेतलं आणि तो डोंगरावर गेला. वरून त्यानं ड्रायव्हरच्या नजरेनं बघितलं. भात कापून झालेली खाचरं वाळून टणक झाली होती. पाणी ओसरलं होतं आणि ओल्या वाळूची रुंद पट्टी फरशीसारखी पडली होती. नाकाजवळ बैलगाड्यांची चाकोरी वर चढताना दिसत होती, मासळीचं खत वाहणाऱ्या गाड्यांची. आख्खा मंगळवार गावानं जे सांगितलं नव्हतं, ते घटकाभरात त्याच्या समोर उभं राहिलं. त्यानं बोटांवर तिथी मोजली. शुक्रवारी सकाळी ओहोटी चांगली लागणार होती. शुक्रवारी पहाटे निघायचं. शनिवारी मुंबई गाठायची असल्यामुळे हरिहरेश्वर काही होणार नव्हतं, पण नाक होत होतं.

“शुक्रवारी,” तो काशीला म्हणाला.

काशी पातेऱ्याचा भारा आवळत होती. “किती जणं?”

“दोघं.”

तिनं भारा डोक्यावर घेतला आणि उतरायला लागली. पण घरी आल्यावर तिनं एक लुगडं, नव्या चपला आणि पोह्यांची पुरचुंडी असं गाठोडं बांधून कोनाड्यात ठेवलं. सदूनं ते बघितलं आणि त्याला इतकं बरं वाटलं की तो बाहेर येऊन जीप पुसायला लागला. जीपपाशी भिकू गुरव सुपात तांदूळ घेऊन बसला होता.

भिकूचा मुद्दा साधा होता. नवी वस्तू गावाबाहेर पहिल्यांदा जाते तेव्हा वाटेतल्या प्रत्येक शिवेवर तिथल्या राखणदाराला नारळ द्यावा लागतो. बैलगाडी असो नाहीतर पालखी. गावं आणि वाड्या धरून अठरा शिवा. जाताना अठरा, येताना अठरा. एक नासका निघाला तर म्हणून वर एक. सदतीस. सदूनं सुस्कारा टाकला आणि नारळांना कबूल झाला. पण भिकू अजून उठत नव्हता. त्याला एक पेच पडला होता.

जीप ही गाडी धरायची, की सासरी निघालेली लेक?

सदूला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. भिकूनं समजावून सांगितलं. जीप आली त्या संध्याकाळी गावच्या सवाष्णींनी तिला हळदकुंकू लावलं. मग ती दोन रात्री गावात राहिली. तिला चारा घातला.

“पेट्रोल,” सदू म्हणाला.

“जे खाते ते घातलं,” भिकू म्हणाला. “आता ती पहिल्यांदा शीव ओलांडणार. गाडी असली तर नुसता नारळ. लेक असली तर ओटी भरायला पायजे, अन् पाठराखीण पायजे. लेकीला पहिल्या खेपेला एकटी कशी धाडायची? उद्या काय झालं तर लोक मला विचारतील.”

गुरुवारी सकाळी देवीला कौल लावला. भिकूनं मूर्तीच्या दोन्ही अंगांना भिजलेल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर लेक, डावी पडली तर गाडी. देवीपुढं आजवर पाऊस, रोग, वाटण्या, हरवलेली गुरं असे प्रश्न आले होते. हा नवा होता, आणि तिनं बराच वेळ घेतला. मग उजवी कळी पडली.

सदू म्हणाला की दरवाजा उघडा आहे, वारा आला.

“अन् वारा कुणाचा?” भिकूनं विचारलं. मंडपातल्या माना डोलल्या.

पाठराखीण म्हणून मनुआत्या ठरली, कारण सासरी जाण्याचा आणि परत येण्याचाही अनुभव तिलाच होता. तिनं पेटीतलं चांगलं लुगडं काढून वाऱ्यावर टाकलंसुद्धा. नारळ फोडायला भिकू लागणारच होता. मग येसाजींनी बेड्यांचा विषय काढला. वालाच्या शेतात गुरं शिरू नयेत म्हणून वाटेवर ठिकठिकाणी दोन खांबांत आडवे वासे घालून ठेवतात, तेच बेडं. नाकापर्यंत अशी अकरा होती. परक्या माणसानं काढली तर भांडण होतं. येसाजींना सगळे ओळखतात. म्हणजे येसाजींना यावं लागणार, आणि सारखं उतरायचं म्हणजे त्यांना पुढंच बसावं लागणार, कारण त्यांचे गुडघे.

येसाजींनी काठीनं धुळीत जीप काढली. इथं सदू, इथं मी, इथं मनू, इथं भिकू, इथं नारळ. त्यांनी काठी खाली टेकली. सगळं बसलं होतं.

“अन् काशी?” सदूनं विचारलं.

मंडळींनी चित्राकडं पुन्हा बघितलं. कोणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. ती राहिली होती, इतकंच. भिकूनं विचारलं, नवस कोणाचा. सदू म्हणाला, दोघांचा. येसाजींनी डोळे मिटून विचार केला, जसा ते जमिनीच्या वाटपात करत, आणि दोन्ही बाजूंना पटेल असा तोडगा काढला.

“मंग तिच्या नावानं एक नारळ घेऊ.”

अडतीस झाले. शिवाय म्हशीला बघायला घरी कोणीतरी हवंच होतं, आणि म्हैस काशीशिवाय कोणाला अंगाला हात लावू देत नव्हती. सगळे उठले. येसाजींनी जाताना सदूच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की काळजी करू नको, सगळं व्यवस्थित झालं.

सदू घरी आला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. काशी चुलीपुढं भाकरी थापत होती. त्यानं काय झालं ते सांगायला सुरुवात केली, पण तळीकोंडात बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. तो मध्येच थांबला. मग त्यानं येसाजींवर तोंड टाकलं, भिकूवर टाकलं, शेवटी लष्करावर टाकलं, ज्यांनी असली अरुंद गाडी बनवली. काशी भाकरी उलटत होती.

“माझा नारळ तेवढा पुढं ठेवा,” ती म्हणाली. “कडेला. मला समुद्र बघायचा हाय.”

सदूला हसू आलं नाही. तिनं हात पुसले, उठली, कोनाड्यातलं गाठोडं काढलं आणि सोडलं. लुगडं पेटीत गेलं. पोहे डब्यात गेले. चपला तिनं उलटसुलट करून बघितल्या, त्यांच्या तळांना अजून माती लागली नव्हती, आणि त्या कागदात गुंडाळून वर फळीवर ठेवून दिल्या, मागच्या बाजूला, जिथं रोज हात जात नाही तिथं. मग ती परत भाकरीपाशी बसली. कोणावर आदळआपट नाही, काही नाही. सदूला वाटलं, तिनं निदान तवा तरी आपटावा.

शुक्रवारी पहाटे मंडळी तयार होती. येसाजी फेटा बांधून पुढच्या सीटवर बसले होते आणि काठी दोन्ही पायांत धरून समोर बघत होते, जणू गाडी त्यांनाच चालवायची आहे. मनुआत्या मागं लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन बसली होती. जीपच्या बॉनेटवर हळदकुंकू होतं, ओटीत तांदूळ आणि खण होता. भिकू नारळाच्या पोत्यावर बसला होता, कारण दुसरीकडं जागा नव्हती. काशी गोठ्यात होती. म्हशीच्या धारेचा आवाज अंगणात येत होता, चरवीत, एकसारखा.

सदूनं जीप सुरू केली. गियरवर हात ठेवला. समुद्राची गाज लांबून येत होती. म्हणजे ओहोटी लागली होती, वाळू उघडी पडत होती, आणि ती फार तर दुपारपर्यंत तशी राहणार होती. शेजारच्या सीटवर येसाजींच्या मांडीवर एक नारळ होता. सदूनं विचारलं, हा कोणता.

“काशीचा,” येसाजी म्हणाले. “तिनं पुढं ठेवायला सांगितला ना.”

सदूनं जीप बंद केली.

इंजीन थांबल्यावर धारेचा आवाज तेवढा राहिला. येसाजींनी विचारलं, काय बिघडलं. सदू हातातल्या स्टिअरिंगच्या चाकाकडं बघत बसला. मग त्या चाकालाच सांगावं तसं तो बोलला.

“नवस न्हाय.”

“म्हंजे?”

“म्हंजे नवस न्हायच. मी खोटं बोललो. मला काशीला फिरवायला न्यायचं हाय. आम्ही दोघंच.”

गोठ्यातला आवाज थांबला.

येसाजींनी सावकाश मान वळवली. “कशापायी?”

“कशापायीच न्हाय. नुसतं.”

मनुआत्यानं हळूच विचारलं, काशी आजारी आहे का. नाही. माहेरी काही आहे का. नाही. बोर्लीच्या पुढं कोणी नातेवाईक? कोणी नाही. भिकूनं खात्री करून घेतली की देवाधर्माचं यात काहीच नाही. सदू म्हणाला, काही नाही, तिला नाकाच्या पलीकडं काय आहे ते बघायचं आहे. भिकूनं विचारलं, काय आहे. सदू म्हणाला, तेच बघायचं आहे.

आता शिव्या पडतील म्हणून सदू वाट बघत होता. अकरा वर्षं तो याच क्षणाला भ्यायला होता, आणि त्यापायी त्यानं अकरा वर्षं घालवली होती. भिकू पोत्यावरून उतरला. त्यानं पोतं ओढून खाली घेतलं.

“आधी बोलायचंस,” तो म्हणाला. “देवाचं काम नसलं तर शीव लागत न्हाय. नुसतं फिरणाऱ्याला राखणदार इचारतच न्हाय. गुरं फिरतात, त्यांना कुठं नारळ देतो आपण?”

“अन् लेक? पाठराखीण?” सदूच्या तोंडून उगाच गेलं.

“गुराला कसली पाठराखीण?”

येसाजी खाली उतरले. त्यांना शिव्या सुचत नव्हत्या असं नाही, पण त्यांना दुसरंच लागलं होतं. आख्खा दिवस बसून त्यांनी नकाशा सांगितला होता, आठवून आठवून, कुत्र्यांसकट, तो काय या असल्या कामासाठी? नकाशा तरी बरोबर ठेव, ते म्हणाले, आणि काठी टेकत निघून गेले. मांडीवरचा नारळ त्यांनी सीटवर ठेवला. तो काशीचा होता, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क लागत नव्हता.

मनुआत्या सगळ्यांत शेवटी उतरली. नेसलेलं चांगलं लुगडं तिनं वर खोचलं, ती तशीच गोठ्यात गेली आणि काशीच्या हातातली चरवी तिनं काढून घेतली.

“जा,” ती म्हणाली. “हिला मी बघते. लाथा घालंल दोन, घालू दे.” काशी तरी उभीच होती, तेव्हा तिनं तिला खांद्यानं ढकललं. “आरवीपर्यंत गेलीस तर फणस होता तिथं आता काय हाय ते बघून ये. नुसतं.”

काशीनं गाठोडं बांधलं नाही. तेवढा वेळ नव्हता. फळीवरून चपला काढल्या, पायात घातल्या आणि ती पुढच्या सीटवर येऊन बसली, नारळ मांडीवर घेऊन. ओहोटीतली अर्धी सकाळ संपली होती.

मग एकेक बेडं यायला लागलं. येसाजी नव्हते, आणि सदू चाकावरून उठला की जुनं इंजीन बंद पडत होतं. त्यामुळे अकराच्या अकरा बेडी काशीनं उघडली. ती उतरायची, वासे काढायची, जीप पुढं गेली की परत घालायची आणि धावत येऊन बसायची. तिच्यासाठी दार उघडून धरायचं हे सदूचं किती दिवसांचं ठरलेलं होतं. आता तो चाक धरून बसला होता आणि ती एकामागून एक त्याच्यासाठी उघडून धरत होती, चेहरा शेठाणीबाईंच्या ड्रायव्हरसारखा ठेवून. चौथ्या बेड्याशी तिनं पदर सावरून वाकून हात केला, “या साहेब.” सदूनं मान तुकवली. एका वालाच्या शेतातून कोणीतरी ओरडलं, येसाजी कुठं आहेत. काशीनं सांगितलं, रुसले आहेत.

वाळूवर जीप गुळगुळीत पळाली. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि समोर नाक, अकरा वर्षं डोंगरावरून बोटाएवढं दिसलेलं, आता वर बघावं लागेल एवढं. बैलगाड्यांच्या चाकोरीनं जीप कण्हत वर चढली, एकदा मागं घसरली, परत चढली. वळणावर सदूनं ती उभी केली.

पलीकडं वाळूची एक पांढरी पट्टी होती. ती दक्षिणेकडे जात जात समुद्रात घुसलेल्या दुसऱ्या एका नाकाशी वळत होती आणि नाहीशी होत होती.

सदूला रडावंसं वाटलं. एवढं सगळं करून तीच जागा परत. तो काशीकडं बघायला धजला नाही. काशीनं नारळ दगडावर फोडला, पाणी अर्धं त्याला दिलं, खोबऱ्याचा तुकडा दातानं सोडवला आणि खाता खाता बराच वेळ समोर बघितलं.

“अन् त्याच्या पल्याड?” तिनं विचारलं.

सदूनं सूर्याकडं बघितलं. आत्ता मागं फिरलं तर दुपारी निघून पहाटेपर्यंत मुंबई होती. शेठ स्टेशनवर उतरले की गाडी शोधणार. समोर खाली खाडीचं तोंड होतं. पाणी उथळ दिसत होतं, पण पसरलेलं होतं, आणि भरतीला फार वेळ नव्हता. पलीकडच्या काठावरून वाट पुढं जात होती. आरवीकडंच जात असावी.

“माहीत न्हाय,” तो म्हणाला.

त्यानं जीप उतारावरून खाली घेतली. पाण्याच्या कडेला क्षणभर थांबला, पहिला गियर टाकला आणि चाकं आत घातली. पाणी पायरीशी आलं, मग वर आलं, मग पायांखालून गार गार आत शिरलं. पाच पानी नकाशातली एवढी एक खूण खरी निघाली होती. काशीनं वाकून नव्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या. मग तिनं सदूच्या पायातल्या चपलांकडं बघितलं आणि दुसरा हात पुढं केला.